बाबा ढिगावरून उतरत नाहीत

सुनेने सकाळी आठला आवाराचं फाटक उघडलं, तेव्हा सासरे आधीच ढिगावर जाऊन बसले होते. तेही पूर्ण तयारीनिशी. वजनकाट्याच्या खोलीतली प्लास्टिकची खुर्ची, छत्री, पाण्याची बाटली, कालचा पेपर. खुर्चीचे दोन पाय काँक्रीटच्या एका तुकड्यावर होते, तिसरा सळईच्या वेटोळ्यावर आणि चौथा हवेत. पण शहात्तर वर्षांच्या गवंड्याला तोल सांभाळायला कोण शिकवणार?

"बाबा, तिथे काय करताय?"

"बसलोय."

"ते दिसतंय मला. का बसलाय?"

"पाय दुखतात."

"मग एवढं वर चढलात कशाला?"

बाबांनी पेपर उघडून तोंडासमोर धरला. पेपर उलटा होता.

सून खाली उभी राहून विचार करू लागली. हा ढीग म्हणजे पोस्टाच्या जुन्या इमारतीचा शेवटचा हिस्सा, तिचा पाया. भिंती आणि स्लॅब महिनाभरात दळून झाले होते. त्यांची खडी एका अंगाला पडली होती आणि दळताना पडलेल्या बारीक कचेचे ब्लॉक दुसऱ्या अंगाला रांगेत सुकत होते. पोस्टाची नवी इमारत जुन्याच जागेवर, या आवाराला लागूनच, उठणार होती. अट अशी होती, की जुन्या इमारतीचा राडारोडा कुठेही नेऊन टाकायचा नाही, सगळा दळून नव्या भिंतींत घालायचा. त्या अटीवरच तर या घराला हे पहिलं मोठं काम मिळालं होतं. आज अकराला तपासनीस बाई येणार होत्या. ढीग शिल्लक दिसला तर काम डोंगराकडच्या खाणवाल्यांना जाईल, असं त्यांनी दोनदा लेखी आणि एकदा तोंडी कळवलं होतं.

आवारात विजेची तार आलेली नव्हती. नणंद वायरमन होती. एका बंद पडलेल्या गिरणीवरून उतरवलेली एकशे दहा सोलर पॅनल तिने शेडच्या छपरावर बसवली होती. त्यांतली बरीच तडकलेली होती, पण तिच्या मते तडकलेलं पॅनलसुद्धा घरातल्या काही माणसांपेक्षा जास्त काम करतं. ऊन पडलं की क्रशर दळायचा, ढग आला की थांबायचा. दळायला लागला की शेजारच्याचंही बोलणं ऐकू येत नसे. त्यामुळे या घरातली भांडणं गेली तीन वर्षं फक्त ढगाळ हवेत होत होती.

आज आभाळ गोधडीसारखं होतं. कुठे उजेड, कुठे ठिगळ.

"अहो," तिने नवऱ्याला फोन लावला, "बाबा ढिगावर बसलेत."

"मग?"

"उतरत नाहीत."

"कुठल्या ढिगावर?"

"पायाच्या."

पलीकडून आधी 'आलोच' आणि मग लोडर सुरू झाल्याचा आवाज आला.

*

तिचा नवरा, घरातला थोरला, पाडकामाचा कंत्राटदार होता. बाप बांधायचा, मुलगा पाडायचा, आणि घरातले निम्मे वाद यातूनच निघायचे. बापाने बांधलेल्या सात इमारती त्याने आजवर पाडल्या होत्या. प्रत्येक वेळी बाप दोन दिवस जेवला नव्हता आणि तिसऱ्या दिवशी येऊन 'तोडताना त्रास झाला का?' असं विचारून गेला होता. 'खूप झाला' असं उत्तर मिळालं, की तो खूष व्हायचा. म्हणून पोस्टाची इमारत पाडायला घेतली तेव्हा थोरल्याला काळजी वाटली नव्हती.

तो आला तोच लोडरवर बसून. लोडरचं बकेट वर उचलून त्याने ते अलगद खुर्चीच्या समोर नेलं.

"बाबा, खुर्चीसकट यात या. मी हळू उतरवतो."

बाबांनी छत्री उघडली आणि ढालीसारखी बकेटसमोर धरली.

"दादा, लाज वाटते का?" शेडच्या छपरावरून धाकटी ओरडली. ती पॅनल पुसत होती. "म्हाताऱ्या माणसाला बकेटमध्ये घालणार? खडी आहे का ती?"

"मग तू उतरव."

"कशाला उतरवायचं? त्यांनी बांधलंय ते. तीन मजले त्यांच्या हातचे. त्यांना वाईट वाटतंय, एवढं कळत नाही तुला? बाबा, तेच ना?"

बाबांनी छत्रीच्या कडेवरून डोकं बाहेर काढलं. त्यांच्या चेहऱ्यावर कोणीतरी उत्तर सांगितलेल्या विद्यार्थ्याचं समाधान होतं.

"हो, हो. तेच. मला वाईट वाटतंय."

"बघ," धाकटी म्हणाली. तिने शिडी उतरून ढिगापाशी येत आवाज मऊ केला. "बाबा, आपण असं करू. यातला एक तुकडा तुमच्यासाठी ठेवू. आठवण म्हणून, घरी दारात. कुठला हवा?"

"सगळा."

"सगळा कसा ठेवणार?"

"निदान हा," बाबांनी खुर्चीखाली पायाने ठोकलं. खाली कपाटाएवढा काँक्रीटचा गठ्ठा होता, अख्ख्या ढिगातला सगळ्यात मोठा. "हा फोडायचा नाही. बाकी घेऊन जा. हा इथेच राहू दे."

"तो तर पहिला फोडायला हवा," थोरला म्हणाला. "तपासनीस बाई त्याच्याकडेच बोट दाखवून गेल्यात. एवढ्या मोठ्या फुटिंगची, खांबाखालच्या पायाची, ताकद बघायची आहे म्हणाल्या. त्याचा नमुना आज काढायचाय."

बाबांनी पुन्हा पेपर वर केला. या खेपेला तो सरळ होता, पण त्याच्या कडा बाबांच्या मुठींत चुरगळत होत्या. ते फक्त सुनेला दिसलं.

"अहो, हे वाईट वाटण्याचं दिसत नाही," ती नवऱ्याच्या कानात म्हणाली. "हे घाबरलेत."

"काँक्रीटला?"

"आत्यांना बोलवा. त्यांचंच ऐकतील."

*

आत्या साडेदहाला आली. गुडघ्यांना पट्टे, हातात काठी आणि चेहऱ्यावर सत्तर वर्षं भावाची बाजू घेऊन आलेला थकवा. फाटकातच तिने भाच्याला विचारलं, "काय केलंस त्याला?"

"मी? मी काही नाही केलं, आत्या!"

"त्याशिवाय तो असा बसणार नाही."

ढीग चढायला तिला दहा मिनिटं लागली. भाची एका बाजूने, सून दुसऱ्या बाजूने धरत होती आणि ती दोघींनाही 'सोडा गं' म्हणत होती. वर पोचल्यावर तिने दोघींना खाली पिटाळलं आणि भावाच्या समोर एका तुकड्यावर टेकली.

हे पोस्ट तिच्या ओळखीचं होतं. तिचा नवरा इथे बावीस वर्षं पोस्टमास्तर होता. रोज सव्वानऊला घरून निघायचा आणि चालत यायचा, दोन मैल. त्याआधी त्याच्याकडे स्कूटर होती. फिकट निळी. लग्नाआधी तीन वर्षं पैसे साठवून घेतलेली. रविवारी तो ती अंघोळ घालावी तशी धुवायचा. बेचाळीस वर्षांपूर्वी एके सकाळी ती दारातून नाहीशी झाली. आठ दिवस शोधाशोध झाली. मग जेवताना घरच्या सगळ्यांसमोर तो एकदाच, शांतपणे म्हणाला होता, "तुझ्या भावाने नेली."

तिने ताट सरकवलं होतं. "माझा भाऊ चोर नाही. हा विषय या घरात पुन्हा निघायचा नाही."

निघाला नाही. मास्तर पुन्हा मेहुण्याच्या घराची पायरी चढला नाही, दुसरी स्कूटरही त्याने घेतली नाही. रस्त्यात निळी स्कूटर दिसली की तो थांबायचा, नंबर वाचायचा आणि पुढे चालू लागायचा. त्याला जाऊन चार वर्षं झाली होती. शेवटच्या आजारातसुद्धा तिने तो विषय निघू दिला नव्हता. आपण भावाच्या मागे भिंतीसारख्या उभ्या राहिलो, याचा तिला अभिमान होता. अभिमान नसता तर मग आपण काय केलं, असा प्रश्न पडला असता.

"अण्णा," ती म्हणाली, "काय झालं? मला सांग."

"काही नाही."

"पोरांनी घरातून काढलं का?"

"नाही."

"दुखतंय का काही?"

"नाही गं."

"मग बसलास कशाला असा, घार बसल्यासारखा?"

अण्णाने पेपरची घडी घातली. त्याचे ओठ हलले आणि नेमकं त्याच क्षणी ऊन पडलं. शेडच्या छपरावर एकशे दहा पॅनल चकाकली, क्रशरचा जबडा धाडधाड हलू लागला. खाली थोरल्याने घाईघाईने उरलेला बाजूचा माल त्यात टाकायला घेतला.

अण्णा बोलू लागला. आत्याला काही ऐकू येईना. तो मात्र बोलतच राहिला, आणि तिच्या लक्षात आलं, की ऐकू येत नाही म्हणूनच तो बोलतोय. बेचाळीस वर्षांत तिने त्याला इतकं सलग बोलताना पाहिलं नव्हतं. त्याचे डोळे भरून आले होते.

"काय?" ती ओरडली.

त्याने मान हलवली आणि पुन्हा सांगितलं.

"मोठ्याने बोल! काय म्हणतोस?"

त्याने श्वास घेतला आणि जीव तोडून ओरडला. पण ढगाला कसलीच लाज नव्हती. सूर्य झाकला गेला, क्रशर खाडकन थांबला आणि सगळ्या आवारात, छपरापासून फाटकापर्यंत, बाबांचा आवाज घुमला:

"—तुझ्या नवऱ्याची स्कूटर याच्यात आहे! मीच पुरली!"

फाटकात तपासनीस बाई उभ्या होत्या. डोक्यावर पिवळं हेल्मेट, हातात फाईल. त्यांनी आधी ढिगाकडे पाहिलं, मग हातातल्या कागदाकडे.

"माफ करा," त्या म्हणाल्या, "कशाच्या आत काय आहे?"

*

बाबांना वाटत होतं, की सांगून टाकलं की हलकं वाटेल. तसं वाटलं नाही. उलट खुर्ची जास्तच डगमगू लागली.

सगळे ढिगाभोवती गोळा झाले होते. त्यांनी सांगायला सुरुवात केली, आणि एकदा सुरू केल्यावर गवंड्याला अर्धवट काम सोडता येत नाही.

त्या सकाळी पायाचं काँक्रीट ओतायचं होतं. सिमेंट कमी पडेल असं दिसलं. दुकान गावाच्या दुसऱ्या टोकाला. बहिणीचं घर वाटेत. मास्तर अंघोळीला गेलेले, किल्ली खिळ्याला. विचारायला थांबलो तर नाही म्हणतील, ही भीती.

"आणि तुम्हाला स्कूटर येत होती?" थोरल्याने विचारलं.

"सरळ जाता येत होतं."

सरळ जाऊन ते दुकानापुढच्या पोत्यांवर आदळून थांबले, सिमेंट सांगितलं, गाडी ढकलत वळवली आणि सरळ परतही आले. पण थांबता येत नव्हतं. फुटिंगचा खड्डा सहा फूट खोल, वर फळी टाकलेली. फळीवर येईपर्यंत ब्रेक सापडला नाही. ते उडी मारून बाजूला पडले, आणि स्कूटर खाली, सळईच्या जाळीवर.

"मग वर काढायची ना!" धाकटी म्हणाली.

"मिक्सर फिरत होता. चौदा माणसं घमेली घेऊन रांगेत. पहिल्याने न बघताच ओतलं. दुसऱ्यानेही. तिसऱ्या घमेल्यापर्यंत मी 'थांबा' म्हणू शकलो असतो." बाबांनी बाटलीतून पाण्याचा घोट घेतला. "म्हणणारच होतो. पण बांधकामाचे साहेब येऊन उभे राहिले आणि म्हणाले, मिस्त्री, काम छान चाललंय. तोवर सीट दिसेनाशी झाली."

"आणि नंतर?" आत्याने विचारलं. तिचा आवाज कोरडा होता.

"ठरवलं, उद्या सांगेन. रोज ठरवायचो. मग मास्तर म्हणाले, मेहुण्याने नेली, आणि तू माझ्यासाठी सगळ्यांसमोर उभी राहिलीस. मग कसं सांगणार? तुला खोटं पाडायचं का? तू बाजू घेतलीस आणि मी अडकलो."

"म्हणजे आता चूक माझी?"

"नाही, नाही. तसं नाही म्हणत मी."

"तसंच म्हणतोयस."

सुनेने मध्येच विचारलं. तिला गप्प बसवेना. "बाबा, पोस्टात मास्तरकाकांचं टेबल कुठे होतं?"

बाबांनी खाली, खुर्चीखाली बघितलं.

"याच्यावर?" आत्या म्हणाली.

"बरोबर याच्यावर," बाबा म्हणाले. "मी साहेबांना सांगितलंसुद्धा होतं, मास्तरांची खोली दुसरीकडे करा, इथे उजेड कमी आहे. ऐकलं नाही कोणी."

बावीस वर्षं. दोन मैल चालत यायचं आणि स्वतःच्याच स्कूटरवर खुर्ची टाकून बसायचं. कोणाच्या तरी तोंडून हसू फुटलं. ते थोरल्याचं होतं, आणि त्याने लगेच तोंडावर हात ठेवला, पण खांदे हलायचे थांबेनात. आत्याने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि तो थांबला.

"बाबा, हे भयंकर आहे," धाकटी म्हणाली. दोन तासांपूर्वी याच बाबांसाठी ती छपरावरून भांडत होती. "मी तुमच्यासाठी भाषण केलं! म्हणे वाईट वाटतंय!"

"वाईट वाटतच होतं."

"वय झालंय त्यांचं, सोड ना आता," थोरला म्हणाला. हाच माणूस सकाळी बापाला बकेटमध्ये घालायला निघाला होता.

तपासनीस बाई इतका वेळ फाईल चाळत होत्या. आता त्या खाकरल्या.

"माझ्याकडे लाकूड, काच, प्लास्टिक, माती, जिप्सम असे रकाने आहेत," त्या म्हणाल्या. "वाहन असा रकाना नाही."

"लोखंडात घाला," सून पटकन म्हणाली.

"लोखंड म्हणजे सळई. सळई इमारतीला आधार देते. या स्कूटरने आधार दिला का?"

"चांगलाच दिला," बाबा म्हणाले. "बेचाळीस वर्षांत त्या कोपऱ्याला तडा नाही."

"अण्णा!" आत्या ओरडली.

"विचारलं म्हणून सांगितलं."

बाईंनी खरोखरच विचार केला. नियम असा होता, की जुन्या बांधकामातून निघालेलं सगळं नव्यात गेलं पाहिजे. स्कूटर बांधकामातून निघाली म्हणजे तीही नव्या पोस्टात गेली पाहिजे का? त्यांनी वरिष्ठांना फोन लावला. वरिष्ठांनी दोनदा 'काय?' विचारलं आणि मग 'तुम्ही जागेवर आहात, तुम्हीच ठरवा' म्हणून ठेवून दिला.

"फोडा," आत्या म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

"आधी फोडा. मला बघायची आहे."

*

बाबा आपणहून उतरले. कोणी हात दिला नाही, त्यांनी मागितलाही नाही.

थोरल्याने ब्रेकर लावला. काँक्रीट दाद देईना. पहिली पंधरा मिनिटं नुसत्या ठिणग्या आणि धूळ. बाजूला उभ्या बाबांच्या चेहऱ्यावर एक भाव येऊ पाहत होता आणि ते तो दोन्ही हातांनी पुसत होते. मग गठ्ठा मध्यातून उकलला आणि आतून निळं दिसलं.

रंग शाबूत होता. हवा नाही, पाणी नाही, ऊन नाही. गंजाचा एक ठिपका नाही. हँडल वाकलेलं, पुढचा दिवा काँक्रीटने गच्च भरलेला, सीटच्या जागी नुसता ठसा. मागची नंबरप्लेट मात्र काल लावल्यासारखी. आत्या वाकली आणि तिने नंबर वाचला. मोठ्याने, एकेक आकडा सुटा करून, मास्तर रस्त्यात वाचायचा तसा.

तपासनीस बाई फुटलेल्या काँक्रीटचा तुकडा हातात घेऊन उन्हात फिरवत होत्या. "बेचाळीस वर्षं? एक पोकळी नाही. याची खडी तर उत्तमच होईल. कोणी केलंय हे?"

बाबांचा हात आपोआप वर गेला. आत्याने बघितलं. तो खाली आला.

शेवटी बाईंनी तोडगा काढला. काँक्रीट सगळं दळायचं. स्कूटर 'भंगार लोखंड' म्हणून वेगळी काढायची आणि घेणाऱ्याची सही घ्यायची. त्यांनी कागद पुढे केला.

"घेणाऱ्याचं मालाशी नातं?"

"मी तिच्या मालकाची बायको," आत्या म्हणाली आणि सही केली.

थोरल्याने टेम्पो काढायला किल्ली घेतली. "आत्या, मी पोचवतो घरी."

"तू तुझं मशीन चालव. ऊन पडलंय." खरंच पडलं होतं, क्रशर पुन्हा घरघरू लागला. आवाजावर आवाज चढवून ती म्हणाली, "हातगाडीवर घाला! हा नेईल! चालत!"

"या वयात? दोन मैल?" सून कळवळली.

"ते बावीस वर्षं चालले!"

सुनेने यावर काहीतरी म्हटलंही. पण ते कोणालाच ऐकू आलं नाही.

*

हातगाडी जड होती. स्कूटरच्या पोटाला अजून काँक्रीट चिकटलेलं होतं. अण्णा ढकलत होता, आत्या काठी टेकत बाजूने चालत होती. धाकटी पन्नास पावलं मागून येत होती. तिला 'मागेच राहा' असं बजावलेलं होतं.

आत्याला वाटलं होतं, राग येईल आणि तो उपयोगी पडेल. पण राग भावावर येण्याऐवजी सारखा तिच्याकडेच वळत होता. ताट कोणी सरकवलं होतं? विषय कोणी बंद केला होता?

पहिल्या चौकात चपलांच्या दुकानदाराने विचारलं, "हे काय हो?"

"स्कूटर," अण्णा पुटपुटला.

"कोणाची ते सांग," आत्या म्हणाली. "मोठ्याने."

"पोस्टमास्तरांची. चोरीला गेलेली."

"कोणी नेलेली?"

अण्णाने गाडी थांबवली. घाम पुसला. "मी नेलेली," तो दुकानदाराला म्हणाला. दुकानदार हसला, त्याला वाटलं थट्टा आहे.

दुसऱ्यांदा एका बाईने विचारलं, तेव्हा त्याने सगळं सांगितलं, ब्रेक न सापडल्यासकट. तिसऱ्यांदा विचारायची वाट न बघता स्वतःच सांगितलं, बसची वाट बघणाऱ्या तीन अनोळखी माणसांना. त्यांनी घाबरून बस नसतानाही दुसऱ्या बाजूला पाहिलं.

अर्ध्या वाटेवर समोरून एक म्हातारा सायकलवरून आला. निवृत्त पोस्टमन. मास्तरांच्या हाताखाली एकोणीस वर्षं होता. नंबरप्लेट बघून तो सायकलवरून उतरला. खरं तर जवळजवळ पडलाच.

"ही साहेबांची!"

"हो," अण्णा म्हणाला. त्याचा आवाज बसला होता, तरी त्याने तो चढवला. "मीच घेतली होती. न विचारता. मीच पुरली पोस्टाच्या पायात. ते खरं बोलत होते आणि मी बेचाळीस वर्षं गप्प बसलो."

पोस्टमनने गाडीभोवती एक फेरी मारली. निळ्या रंगावरून अंगठा फिरवला.

"म्हणजे साहेब म्हणायचे ते बरोबरच निघालं," तो म्हणाला.

"काय म्हणायचे?" आत्याने विचारलं. घरात तर त्या एका वेळेनंतर तो कधी बोलला नव्हता.

"आम्ही त्यांना चिडवायचो ना, दुपारी डबा खाताना. साहेब, स्कूटर सापडली का? ते म्हणायचे, माझ्या मेहुण्याने नेली आहे. पण काळजी नाही. गवंडी माणूस आहे, नीटच ठेवली असेल."

अण्णाने हातगाडीचा दांडा सोडला. रस्त्याच्या कडेला दगड होता, त्यावर बसला आणि दोन्ही तळहात उघडे करून त्यांच्याकडे बघत राहिला.

"कधी म्हणाले असं?" आत्याने विचारलं.

"नेहमीच. निवृत्त होईपर्यंत." पोस्टमन घुटमळला. "हसून म्हणायचे, वहिनी. रागाने नाही."

एक ट्रक गेला. मागे धाकटी थांबली होती, पुढे यावं की नाही हे तिला कळत नव्हतं. मग आत्याने काठी स्कूटरच्या हँडलला अडकवली, पदर खोचला आणि गाडीच्या मागे जाऊन दांडा धरला.

"अण्णा, ऊठ, दांडा धर," ती म्हणाली. "आणि सरक जरा तिकडे. एवढी जागा एकट्याला लागते का तुला?"